मावशींचा ग्राफ

"अट घालायचीच असेल तर ती मोजता येईल अशी हवी," आगाशे मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

शिरोडे सर खिडकीबाहेर बघत होते. मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आरसे पुसत होते. साल अठ्ठ्याऐंशी, जून महिना. पहिल्या वर्षाचे निकाल लागले होते आणि दुसऱ्या वर्षाचे अर्ज गठ्ठ्यानं येऊन पडले होते.

आमचं कॉलेज तालुक्याच्या गावचं. मानसशास्त्राची प्रयोगशाळा म्हणजे दोन वर्गांमधली भिंत काढून केलेली एक लांब खोली, बारा टेबलं, तीन लाकडी कपाटं आणि एक माठ. माझ्या नेमणुकीच्या कागदावर 'प्रयोगशाळा परिचर' असं लिहिलेलं होतं, पण मला सगळे मावशी म्हणत. माझे मालक याच कॉलेजात शिपाई होते. ते काविळीनं गेले तेव्हा त्यांच्या जागी मला घेतलं. त्याला बारा वर्षं झाली होती.

पहिल्या वर्षाला कलाशाखेच्या कुणालाही मानसशास्त्र घेता यायचं. दुसऱ्या वर्षापासून एक विषय स्पेशल म्हणून निवडायचा आणि दोन वर्षं तोच धरून ठेवायचा. इंग्रजीला अट होती, अर्थशास्त्राला होती. मानसशास्त्राला नव्हती. नाव लिहिलं की झालं. सनावळ्या पाठ कराव्या लागत नाहीत आणि प्रॅक्टिकलचे मार्क फुकट मिळतात अशी गावात बोलवा होती, त्यामुळं बारा जणांच्या सामानावर अडतीस पोरं बसली. त्या एप्रिलमध्ये बाहेरून आलेल्या परीक्षकांनी जर्नलं उघडली तर अकरा जणांच्या एका प्रयोगात जवळपास सारखेच आकडे, त्याच क्रमानं. त्यांनी ती नक्कल ठरवली. अकरा जणांना त्या प्रयोगाचे शून्य मार्क पडले, त्यात चौघं नापास झाले. परीक्षकांनी वर कॉलेजला पत्र लिहिलं, आणि प्राचार्यांनी सरांना बोलावून सांगितलं की सोळा जागा ठेवा आणि प्रवेशाला अट घाला, नाही तर स्पेशल बंद करा.

म्हणून ही बैठक. सर विभागप्रमुख, निवृत्तीला चार वर्षं राहिलेले. मॅडम पुण्याहून नव्यानं आलेल्या, तिशीच्या, घड्याळ उजव्या हाताला बांधणाऱ्या. विभागात माणसं एवढीच.

मॅडमचं म्हणणं, पहिल्या वर्षाच्या पेपरला पन्नास मार्क हवेत. सर म्हणाले, पन्नास काय, घोकूनही मिळतात. ज्याला माणसाशी नीट बोलता येत नाही त्याला हा विषय देऊन काय उपयोग. मॅडम म्हणाल्या, बोलणं मोजणार कसं. बराच वेळ असं चाललं. शेवटी दोन्ही ठरलं. पन्नास मार्क हवेतच, आणि वर वीस मार्कांची चाचणी. प्रत्येकानं एका तासात एक प्रयोग करून दाखवायचा. मांडणीला पाच, सूचनांना पाच, नोंदीला पाच, ग्राफला पाच. बाराच्या वर मिळाले तर प्रवेश.

"आणि प्रयुक्त कोण?" मॅडमनी विचारलं. प्रयुक्त म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो माणूस. "सगळ्यांना एकच हवा. नाही तर तुलना होणार नाही."

सरांनी माझ्याकडं हात केला. "हौसाबाई आहेत की. त्यांच्यासारखा प्रयुक्त शोधून सापडणार नाही."

मॅडमनी मला विचारलं, मिरर ड्रॉइंग तुम्ही आधी केलंय का. मी काही बोलायच्या आत सरच म्हणाले, "एखाद-दोन वेळा. मुलांना कुणी मिळालं नाही तर बसतात."

मी आरसा पुसत राहिले.

मिरर ड्रॉइंग म्हणजे काय ते सांगते. कागदावर दुहेरी रेघेची चांदणी छापलेली असते. समोर आरसा उभा करतात आणि हातावर पत्र्याची आडवी फळी धरतात, म्हणजे आपला हात आपल्याला दिसत नाही, आरशातला दिसतो. त्या आरशात बघून दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. वाटतं सोपं, पण पेन्सिल वर न्यायला गेलं की खाली जाते. पेन्सिल रेघेला लागली की एक चूक. दहा वेळा करायचं. पहिल्या खेपेला माणूस तीस-पस्तीस वेळा चुकतो, मग हळूहळू कमी होत जातं. त्या चुकांचा ग्राफ काढला की तो घसरगुंडीसारखा दिसतो, आधी भरकन खाली आणि मग सपाट. तसल्या ग्राफचा एक तक्ता भिंतीवर टांगलेला होता.

मी एखाद-दोन वेळा बसले नव्हते. बारा वर्षांत किती वेळा बसले त्याची गणती नाही. पहिल्या वर्षातच माझ्या हाताला ती चांदणी पाठ झाली. दुसऱ्या वर्षी बबन नावाचा एक मुलगा मला घेऊन बसला, तर एकही चूक नाही. त्याचा ग्राफ सपाट आला. सरांनी लाल शाईनं काट मारली आणि जर्नल परत केलं. तो पोरगा पायऱ्यांवर जाऊन बसला, डोळे पुसत. मी त्याला परत आत बोलावलं. भिंतीवरचा तक्ता बघितला आणि त्याला पाहिजे तेवढ्या चुका करून दिल्या. बत्तीस, सत्तावीस, तेवीस, एकोणीस, असं करत दहावर आणून सोडलं. त्याच्या जर्नलवर सरांची बरोबरची खूण आली.

तेव्हापासून पोरं मलाच शोधत यायची. 'मावशींचा ग्राफ' असं नावच पडलं होतं. मला त्याचा अभिमान होता. दुसऱ्या माणसाला घेतलं तर तो कधी दमायचा, कधी हसायचा, ग्राफ वेडावाकडा यायचा. माझा कधी आला नाही. मला वाटायचं, हेच माझं काम. आरसा स्वच्छ हवा, पेन्सिलीला टोक हवं, तसा ग्राफ नीट हवा.

अर्ज करणाऱ्यांत नजमा तांबोळी होती. तिच्या वडलांची एस.टी. स्टँडजवळ पानाची गादी. पहिल्या वर्षाला प्रॅक्टिकल नसतं, तरी ती मोकळ्या तासाला प्रयोगशाळेत यायची. निमित्त माठातल्या पाण्याचं. पाणी पिऊन झालं तरी जायची नाही, कपाटाच्या काचेला नाक लावून उभी राहायची. सर फळ्यावर दुसऱ्या दिवशी काढायच्या सामानाची यादी लिहून ठेवत, ती मी तिच्याकडून वाचून घ्यायची. चष्मा घरी राहिलाय, जरा वाच गं, असं म्हणायची. एकदा ती यादी वाचून झाल्यावर म्हणाली, "मावशी, तुमचा चष्मा वर्षभर घरीच आहे. त्याला तरी कॉलेजात घाला." मी तिच्या पाठीत धपाटा घातला आणि दोघी हसलो. चष्मा मी तोपर्यंत कधी डोळ्याला लावला नव्हता.

तिच्या दोघी मोठ्या बहिणी दहावीला थांबल्या. हिनं हट्ट धरला म्हणून वडलांनी कॉलेजात घातलं, पण एकेक वर्षाच्या बोलीवर. आता त्यांनी सांगितलं होतं की कॉलेजनं तुला पाहिजे तो विषय दिला तर शिक, नाही तर घरी बस पानं लावायला. ती मला हे सांगताना बोटांनी पानं लावायची नक्कल करून दाखवत होती. किडकं पान बघावं लागत नाही मावशी, बोटाला कळतं, म्हणाली. पेपरला तिला एक्कावन्न होते. एका मार्कानं ती आत आली होती. उरलं सगळं त्या वीस मार्कांवर.

चोवीस जण आणि तीन दिवस. मॅडम खोलीच्या पलीकडच्या टोकाला टेबल लावून बसत, पेपर तपासत, मध्येमध्ये घड्याळ बघत. मी मधल्या टेबलाशी. एक पोरगं गेलं की दुसरं यायचं. मांडणी करायचं, पुस्तकातल्या सूचना धडाधड म्हणायचं, घड्याळ सुरू करायचं. मी प्रत्येकाला चांगला ग्राफ दिला. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही.

नजमा दुसऱ्या दिवशी दुपारी आली. तिनं आरसा लावला, थोडा तिरकाच. खुर्ची ओढून समोर बसली आणि सूचना सांगायच्या आधी विचारलं, "हात दुखतोय का? सकाळपासून मी सहावी."

मी म्हटलं, चालू कर.

पहिल्या खेपेला मी बत्तीस चुका दिल्या, दुसऱ्या खेपेला सत्तावीस. तिनं आकडे लिहिले. तिसऱ्या खेपेला बघितलं तर तिचं लक्ष कागदावर नव्हतं. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. चौथी खेप झाल्यावर तिनं हळूच विचारलं, "मावशी, तुम्ही चुकता तेव्हा थांबत कशा नाही?"

"म्हणजे?"

"माणूस चुकला की अडतो. कपाळाला आठी पडते. तुमचं काहीच होत नाही. चूक करता आणि तशाच पुढं जाता."

मी म्हटलं, तुला ग्राफ काढायचाय का माझं तोंड बघायचंय. तिनं पाचवा कागद लावला. म्हणाली, आता असं करू, पेन्सिल चालू ठेवा आणि मला तुमच्या माहेरची वाट सांगा, स्टँडवर उतरल्यापासून. मला वाटलं, सूचनेतलंच काहीतरी असेल. मी सांगायला लागले. स्टँडवरनं उतरलं की डाव्या हाताला गिरणी, मग ओढा, ओढ्याला एक फरशी टाकलेली, पलीकडं आमच्या चुलत्याची बाभळ. माहेरी जाऊन सहा वर्षं झाली होती. बोलता बोलता मी घराच्या उंबऱ्यापर्यंत पोचले आणि पेन्सिल थांबली. खाली बघितलं तर चांदणी पुरी झाली होती. एक रेघ लागलेली नव्हती.

नजमानं घड्याळ बंद केलं. अर्धं मिनिटही झालं नव्हतं.

"किती वर्षं करताय हे?" तिनं विचारलं.

"बारा," मी म्हटलं, आणि मग मला राग आला. "पोरी, तुझा ग्राफ बिघडला की. लाव पुढचा कागद. अजून वेळ आहे, मी भराभरा देते."

तिनं मान हलवली आणि लिहायला घेतलं. वीस मिनिटं लिहीत होती, निळ्या शाईनं, मध्ये पेन तोंडाला लावून विचार करत. ग्राफच्या कागदावर तिनं नुसत्या उभ्या-आडव्या रेघा मारल्या, आकडे घातले आणि तो तसाच कोरा ठेवला. मी दबक्या आवाजात तिला विनवत होते. पाच मार्क जातील, अगं, तुझा बाप काय म्हणालाय ते विसरलीस का. एवढं काय लिहितेस, म्हटलं. ती म्हणाली, जे बघितलं ते. घंटा झाली. कागद देऊन ती निघून गेली, माठाकडं न बघता.

संध्याकाळी साडेपाचला मॅडमनी सगळे कागद फितीनं बांधून माझ्याकडं दिले आणि कपाटात ठेवून कुलूप लावायला सांगितलं. त्या गेल्या. मी फीत सोडली. नजमाचा कागद शोधायला वेळ लागला नाही, कारण कोरा ग्राफ एकीचाच होता. वर तिचं ते निळ्या शाईचं लिखाण, पानभर. त्यात काय होतं ते मला कळायचं काही कारण नव्हतं. मला आकडे येत होते. बाजारात आणि एस.टी.च्या पाटीवर आकडे शिकावेच लागतात. आणि तो ग्राफ तर मला झोपेतही काढता आला असता. मी पेन्सिलीला टोक केलं, बत्तीसवर पहिला ठिपका ठेवला, सत्तावीसवर दुसरा, असे दहा ठिपके घातले आणि ते गोलाईनं जोडले. तक्त्यावरच्यापेक्षा चांगला आला. कपाटाला कुलूप लावलं, घरी गेले. त्या दिवशी भाकरी गोड लागली.

शुक्रवारी मॅडम मार्कांची यादी करत बसल्या होत्या. सर शेजारी. मी चहाचे कप विसळत होते. मॅडम एका कागदावर थांबल्या. तो उलटा केला, सुलटा केला, सरांच्या पुढं सरकवला. सरांनी वाचला आणि चष्मा काढून परत घातला. मग मला सांगितलं, तांबोळीला बोलावून आणा.

ती लायब्ररीच्या पायरीवर बसलेली होती, निकालाची वाट बघत. माझ्या मागून आली.

"हे तू लिहिलंस?" मॅडमनी विचारलं.

"हो मॅडम."

"आणि खालचा ग्राफ?"

नजमानं कागद बघितला. बराच वेळ बघितला. "हा मी काढलेला नाही."

मॅडम म्हणाल्या, वर एक लिहायचं आणि मार्क जातील म्हणून खाली दुसरं काढायचं, याला काय म्हणायचं. कागद कपाटात होते. तू आत कशी गेलीस, की कुणाकडून काढून घेतलास. सर तिला समजावणीच्या सुरात म्हणाले, "तांबोळी, खरं सांगितलंस तर फक्त अर्ज बाद होईल. प्राचार्यांकडं जाणार नाही मी."

तेव्हा तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. एकदाच. तिला कळलं होतं. ठिपक्यांवरनं कळलं असेल, किंवा माझ्या तोंडावरनं. मी आपली हातात कप धरून उभी. ती परत खाली बघायला लागली आणि म्हणाली, "मला माहीत नाही, सर."

मी गप्प राहिले असते तर कुणाला काही कळलं नसतं. घरी सासू होती, आठवीतला पोरगा होता, आणि कागदपत्रांत माझं एक जुनं दुखणं होतं, ते सांगतेच. पण त्या पोरीची बोटं माझ्यापुढं हलत होती, पानं लावताना दाखवली होती तशी. मी कप खाली ठेवला.

"ग्राफ मी काढला, मॅडम. पोरीला ठाऊक नाही."

मॅडमना पटेना. "का? वर काय लिहिलंय ते वाचून सुद्धा?"

त्यांनी कागद फिरवून माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाल्या, "वाचा."

मी कागद हातात घेतला. ओळी सरळ होत्या, समास सोडून, एकीखाली एक. मी म्हटलं, चष्मा घरी राहिलाय. कुणी हसलं नाही. नजमानं डोळे मिटून घेतले. मग मी कागद टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "मला वाचता येत नाही."

मॅडमनी कागद उचलला आणि वाचून दाखवला. आवाज कोरडा होता, बातम्या वाचल्यासारखा.

"प्रयुक्ताला हे काम चांगलं येतं. पहिल्या चार खेपांमधल्या चुका मुद्दाम केलेल्या आहेत. चुकताना प्रयुक्त थांबत नाही. पाचव्या खेपेला बोलण्यात गुंतवल्यावर एकही चूक झाली नाही. म्हणून हे आकडे शिकण्याचे नाहीत आणि त्यांचा ग्राफ काढणं बरोबर होणार नाही."

आणि त्याच्या खाली माझा ग्राफ. बत्तीसपासून दहापर्यंत.

मी सगळं सांगितलं. बबनचं, तक्त्याचं, बारा वर्षांचं. सांगताना मला अजूनही वाटत होतं की मी पोरांचं भलंच केलं. मॅडम उठल्या, कपाटातून गेल्या वर्षीची जर्नलं काढली आणि ती अकरा एकीशेजारी एक मांडली. मग या तीन दिवसांचे कागद मांडले. सगळीकडं तीच घसरगुंडी. एक-दोन आकड्यांचा फरक. ती अकरा पोरं याच खोलीत शपथा घेऊन सांगत होती की आम्ही नक्कल केलेली नाही, आणि मी तेव्हा इथंच फरशी पुसत होते. माझ्या डोक्यात आलंच नव्हतं की ते माझ्याबद्दल चाललंय.

"ती पोरं खरं बोलत होती," मॅडम म्हणाल्या.

मी खाली बसले. खुर्ची ओढायचंही सुचलं नाही, फरशीवरच.

सर म्हणाले, "चूक यांची एकट्यांची नाही. यांनी काढून दिलेल्या ग्राफवर बरोबरची खूण मी करत होतो. खरा वेडावाकडा ग्राफ कुणी आणला की काट मारत होतो." मग म्हणाले, "यांना वाचता येत नसेल असं मला वाटलं होतं. विचारलं नाही."

मॅडमनी त्यांना विचारलं, परिचराच्या जागेला अट काय आहे. मीच सांगितलं. चौथी पास. माझ्या फाइलीत तसा दाखला आहे. तो तेव्हाच्या हेडक्लार्कनी कुठून तरी आणून लावला होता, घर उघड्यावर पडू नये म्हणून. मी फक्त सही गिरवायला शिकले होते, चित्र काढावं तशी.

त्या दिवशी पुढं काय काय ठरलं ते थोडक्यात सांगते. सरांनी त्या अकरा जणांसाठी परीक्षकांना आणि विद्यापीठाला पत्र लिहिलं. त्यात स्वतःची चूक लिहिली. नापास झालेल्या चौघांची प्रॅक्टिकल ऑक्टोबरमध्ये परत झाली. तेवीस जणांची चाचणी रद्द झाली आणि नवी अट लागली. प्रत्येकानं आपला प्रयुक्त स्वतः आणायचा, ज्यानं ती चांदणी कधी बघितलेली नाही असा, आणि ग्राफ कसाही आला तरी चालेल, फक्त तो तसा का आला ते लिहायचं. मग आठवडाभर आमच्या प्रयोगशाळेत कुणाची आजी, कुणाचा मेंढरं राखणारा मामा, कुणाचा शेजारी असे येऊन आरशापुढं बसले आणि वैतागून पेन्सिली मोडून गेले. एक म्हातारा आरशाच्या मागं जाऊन बघून आला, कोण हात ओढतंय म्हणून.

नजमाची चाचणी रद्द झाली नाही. मॅडमनी तिला वीसपैकी सतरा दिले. तीन मांडणीचे कापले, आरसा तिरका होता म्हणून. त्याच शुक्रवारी संध्याकाळी तिचे वडील तोंडभर पान घेऊन प्रवेशाची फी भरायला आले.

माझंही त्याच दिवशी ठरलं. सर गेल्यावर मॅडमनी मला थांबवून घेतलं. नजमाचा कागद त्यांच्या हातात होता.

"तुमची फाइल मी बघितलेली नाही," त्या म्हणाल्या. "दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बघणार नाही. पण अट ती अट. चौथी पास लिहिलंय तर तेवढं आलं पाहिजे." मग कागदावर बोट ठेवलं. "ग्राफच्या खाली, अगदी तळाला, तिनं अजून एक ओळ लिहिलीय. ती मी वाचून दाखवली नाही. ती तुम्ही मला वाचून दाखवायची."

कागद त्यांनी मला दिला. मी वयाच्या अडतिसाव्या वर्षी ती बाई माझ्या मुळावर आलीय असंच समजत घरी गेले.

नजमानं मला शिकवलं, दुपारच्या सुट्टीत, मधल्या टेबलावर. मी पोराची पहिलीची पुस्तकं आणली होती. ती तिनं बाजूला ठेवली. घराचं चित्र बघून मी घर म्हणायची, अक्षर न बघताच. "तुम्हाला समोरच्याला काय पाहिजे ते आधीच कळतं, मावशी. तसं चालायचं नाही," असं म्हणून तिनं कपाटातनं स्मरणशक्तीच्या प्रयोगाच्या पत्त्यांची पेटी काढली. त्या पत्त्यांवर बिनअर्थाचे शब्द असतात, पाठ करायला दिलेले. ठीम. रूझ. झफ. ढिख. त्यांत ओळखण्यासारखं काही नसतं. अक्षर वाचलं तरच तोंडातनं निघतं. मी चुकायची, थांबायची, कपाळाला आठ्या घालायची. ती समोर बसून माझ्या तोंडाकडं बघायची आणि वहीत चुका मांडायची. त्या चुकांचा ग्राफ तिनं काढला होता. वेडावाकडा. श्रावणात तर तो खाली यायचा सोडून वर गेला, कारण जोडाक्षरं सुरू झाली होती.

तळाची ओळ तिला कितीदा विचारली. सांगितली नाही. सांगितली तर मॅडम माझे सतराचे बारा करतील, म्हणायची.

दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी मी कागद घेऊन मॅडमपुढं उभी राहिले. घडी घालून घालून तो मऊ पडला होता. मी दोनदा सुरुवात केली आणि दोनदा अडले. पहिलंच अक्षर जोडाक्षर. मॅडम घड्याळाकडं न बघता बसून होत्या. तिसऱ्यांदा मी बोट ठेवून, एकेक अक्षर सोडवत वाचलं.

"प्रयुक्त हुशार आहे. तिला दुसरा प्रयोग द्यावा."

"परत वाचा," मॅडम म्हणाल्या.

मी परत वाचलं. या वेळी बोट ठेवलं नाही.